उशाशी बसणारा माणूस

संघटनेच्या सचिवपदी निवड झाली तेव्हा अंगाई सर झोपलेले होते. शहरातल्या भूलतज्ज्ञांची वार्षिक बैठक चालू होती, जेवणं नुकतीच आटोपली होती, डोक्यावर पंखा फिरत होता आणि मावळते सचिव वर्षभराच्या कामाचा आढावा एका सुरात वाचत होते. सकाळपासून चार जणांना झोपवून आणि चार जणांना उठवून आलेल्या माणसाने अशा वेळी करायचं तरी काय? त्यांची मान कलली ती कललीच. जाग आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या. मग शेजारच्याने कानात सांगितलं, की टाळ्या तुमच्यासाठीच आहेत. अध्यक्षांनी त्यांचं नाव सुचवलं होतं, "तुमची काही हरकत?" असं दोन-तीनदा विचारलं होतं आणि त्यांनी काही हरकत घेतली नव्हती.

जागे असते तरी घेतली नसती, असं ते स्वतःच सांगायचे. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नसे. घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती, कारण दारावर तीन वेगवेगळे विक्रेते येऊन गेले होते आणि तिघांचेही चेहरे थकलेले होते.

अंगाई सर हे नाव ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर मंडळींनी ठेवलेलं. "काही होणार नाही, लांब श्वास घ्या, मी आहे इथे," असं वर्षानुवर्षं लोकांच्या कानाशी म्हणून म्हणून त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, की त्यात राग बसेनाच. मुलगी लहान असताना एकदा ते तिला अभ्यासावरून चांगलं खडसावायला बसले, तर ती निम्म्यात झोपून गेली. बायको शाळेत गणित शिकवायची, तिचा आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती म्हणायची, "अहो, तुम्ही नका रागावत जाऊ. मलाच जांभया येतात."

सासूबाईंना जावयाचा पेशा कधी नीट उमगला नाही. लग्न ठरलं तेव्हा मुलगा डॉक्टर आहे एवढंच त्यांच्या कानावर घातलं होतं. पुढे खुलासा झाला तेव्हा त्या जरा हिरमुसल्या. "म्हणजे कापतात ते दुसरेच?" त्यांनी लेकीला विचारलं. "हे नुसते झोपवतात?"

"झोपवतात आणि उठवतातही," लेकीने नवऱ्याची बाजू लावून धरली.

"ते गजराचं घड्याळही करतं," सासूबाई म्हणाल्या.

हा किस्सा अंगाई सर स्वतःच चवीने सांगत. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेला बरा, असा त्यामागे हिशोब होता. नाहीतरी त्यांना ओळखत कोण होतं? पेशंटला ऑपरेशनआधीचं एखादं मिनिट ते दिसत, तेही तोंडाला मास्क लावलेले. शुद्धीवर आल्यावर पेशंट सर्जनचे हात हातात घ्यायचा, सिस्टरला दुवा द्यायचा, स्ट्रेचर ढकलणाऱ्यालासुद्धा नमस्कार करायचा. अंगाई सर तोवर आपली बॅग घेऊन पुढच्या हॉस्पिटलच्या जिन्यात असायचे. संघटनेने एकदा 'भूल देणाराही डॉक्टरच असतो' असा फलक करून सगळ्या सभासदांना बाजारपेठेच्या रस्त्यावर उभं केलं होतं. लोकांना आपलं काम कळावं, हा उद्देश. अंगाई सर सकाळभर फलक धरून उभे राहिले. एकच माणूस जवळ आला. त्याने दाताच्या दवाखान्याचा पत्ता विचारला, आणि सरांनी त्याला तो अगदी शांतपणे समजावून सांगितला.

पण संघटनेबद्दल ते थट्टा करत ती वरवरचीच. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचा एक पेशंट टेबलावरच गेला होता. पुढे चौकशीत निघालं, की चूक कोणाचीच नव्हती. हृदय आतून कधीचंच थकलेलं होतं. पण ते पुढे. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेर नातेवाइकांचा आरडाओरडा चालला होता, आत जो तो त्यांच्याकडे पाहून नजर वळवत होता आणि ते कपडे बदलायच्या खोलीत एका बाकावर बसून होते. तेव्हा आजचे अध्यक्ष तिथे आले. सगळ्यांत वयस्कर, गुडघे दुखत असलेले, तरी दोन जिने चढून आले आणि शेजारी बसले. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. संघटनेची ती रीतच होती. कोणावर असा प्रसंग आला, की एकाने जाऊन त्याच्याजवळ बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कागदपत्रं, वकील, निवेदनं, ते सगळं नंतर यायचं आणि तेही संघटना करायची. पण अंगाई सर त्या दिवशी घरी धड जाऊ शकले ते त्या बसण्यामुळे. ही गोष्ट मात्र ते कोणाला रंगवून सांगत नसत.

संघटनेचा एक जुना ठराव होता: एक पेशंट, एक भूलतज्ज्ञ. सांगायला साधा आणि पाळायला अवघड. शहरातल्या सगळ्यांत मोठ्या सर्जनचं स्वतःचं हॉस्पिटल होतं, त्यात भिंतीला भिंत लावून दोन थिएटरं होती. या सर्जनना सगळे मोठे सर म्हणत. हाताला विलक्षण सफाई, आणि वेळ वाया गेलेला बघवायचा नाही. एका टेबलावरचं ऑपरेशन संपत आलं, की पलीकडच्या टेबलावरचा पेशंट झोपवून तयार असावा, म्हणजे हातमोजे बदलायचे आणि थेट सुरुवात करायची, हे त्यांचं स्वप्न. त्यासाठी भूलतज्ज्ञाने पहिल्या पेशंटला सिस्टरवर सोपवून पलीकडे जायचं आणि दोन्ही खोल्यांत ये-जा करत राहायचं. मोठ्या सरांना त्यात गैर काही वाटत नसे. त्यांच्या मते झोपलेला माणूस झोपलेलाच असतो.

अंगाई सर तिथे कित्येक वर्षं काम करत होते आणि दुसऱ्या टेबलावर कधी गेले नव्हते. यात शौर्य शून्य होतं. "जरा पलीकडचा घेऊन टाका," असं मोठे सर म्हणाले, की यांची पाठ धरायची. पाठ किती वेळा धरणार? मग पलीकडचं मशीन बरोबर चालत नसायचं. मोठ्या सरांनी बिचाऱ्यांनी तीनदा इंजिनिअर बोलावला, शेवटी मशीनच नवं आणलं. पाठीचं तर त्यांनी इतकं मनावर घेतलं, की आपल्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे यांची वेळ घेऊन ठेवली. नाही म्हणणं जमत नसल्यामुळे अंगाई सर त्याही डॉक्टरांकडे गेले, त्या बोगद्यासारख्या यंत्रात निपचित पडून राहिले, आणि रिपोर्टमध्ये एक मणका खरोखरच थोडासा झिजलेला निघाला. केवढं हायसं वाटलं होतं त्यांना.

मग त्या हॉस्पिटलात धाकटी काम करू लागली. संघटनेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. शिकून नुकतीच आलेली, कामाला चोख, बोलायला सरळ. एके दिवशी मोठ्या सरांनी ऑपरेशन करता करता तिला पलीकडचा पेशंट घ्यायला सांगितलं.

"नाही सर," ती म्हणाली. "हा पेशंट टेबलावर आहे तोवर मी इथून हलणार नाही."

पाठ नाही, मशीन नाही, घरून आलेला फोन नाही. थिएटरमध्ये असं सरळ वाक्य कोणी ऐकलंच नव्हतं. मोठ्या सरांनी ऑपरेशन पुरं केलं आणि तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मुलगी उद्धट आहे, हात जड आहे, पेशंट खोळंबून ठेवते, असं त्यांनी चार ठिकाणी बोलून दाखवलं, आणि मोठ्या सरांचा शब्द खाली कोण पडू देणार? बाकीच्या हॉस्पिटलांतून तिला येणारे फोन आटत गेले आणि मग थांबले.

ती सचिवांना भेटायला त्यांच्या घरी आली. बायकोने चहा ठेवला. धाकटीने कपाला हातही लावला नाही.

"सर, मला औषध कंपनीत नोकरी मिळतेय. ऑफिसात बसायचं, माहितीपत्रकं तपासायची. मी घेऊन टाकते," ती म्हणाली. "थिएटर सोडायला मन होत नाही, पण घरी बसून फोनकडे तरी किती दिवस बघू?"

अंगाई सर म्हणाले, "घाई नका करू." ते वाक्य अशा सुरात आलं, की धाकटीचे डोळेच जड झाले. मग तिने डोळे चोळले आणि विचारलं, "सर, तुम्ही तिथे इतकी वर्षं आहात. तुम्हाला नाही सांगत ते दुसरं टेबल घ्यायला? तुम्ही काय सांगता त्यांना?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला जरा पाठीचा त्रास आहे," ते म्हणाले.

बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. धाकटी गेल्यावर तिने कप इतके आपटून धुतले, की एकाचा कान निघाला.

दोन दिवसांनी बैठक बसली. औषधाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पंधरावीस माणसं जमली. निवेदन द्या, निषेध करा, असं बोलणं झालं. एक सभासद होते, त्यांना सगळे हरकतवाले म्हणत, कारण गेल्या कित्येक बैठकांत त्यांची हरकत नव्हती असा एकही विषय नव्हता. त्यांनी निवेदनाला हरकत घेतली, निषेधालाही घेतली. "मोठे सर निवेदनात सँडविच गुंडाळतील," ते म्हणाले, आणि याला मात्र कोणाची हरकत नव्हती.

शेवटी अध्यक्ष गुडघे चोळत म्हणाले, "आपण भांडायचं नाही. संपही करायचा नाही. जिवावरचं असेल तर नेहमीसारखं सगळ्यांनी धावायचं. पण जे ऑपरेशन चार दिवस थांबू शकतं, त्यासाठी तिच्या जागी बोलावलं, तर प्रत्येकाने एकच सांगायचं. मी मोकळा आहे, पण ती केस तिची आहे. तिला फोन लावा. बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेक करून सगळ्या माना अंगाई सरांकडे वळल्या. त्यांना कळलं, का ते. साखळीतली कच्ची कडी कोणती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती चहाचा कप हातात घेऊन मधल्याच खुर्चीवर बसली होती. बाकीच्यांना फक्त फोनवर बोलायचं होतं. मोठ्या सरांच्या समोर, हाताच्या अंतरावर, उभे असणार होते ते एकटे अंगाई सर.

"तुम्ही काळजी करू नका," ते मऊ आवाजात म्हणाले. त्या आवाजाने आजवर हजारो लोकांची काळजी घालवली होती. या पंधरावीस जणांची मात्र वाढली.

घरी त्यांनी आरशासमोर उभं राहून सराव केला. "नाही," ते म्हणाले. आरशातल्या माणसाला ते पटलं नाही. "नाही सर." हे तर चक्क हो म्हटल्यासारखं ऐकू आलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"पोटातून म्हणा," ती म्हणाली.

"पोटातूनच म्हणतोय."

"मग त्या तीन यंत्रांपैकी एक तरी परत देऊन या आधी. तेवढाच सराव."

ते खरंच एक यंत्र घेऊन दुकानात गेले आणि त्याच्यासाठी जादा गाळणी घेऊन परत आले.

मग तो दिवस उजाडला. पहिल्या थिएटरमध्ये पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. पेशंट मालट्रकचा ड्रायव्हर, टेबलावर दोन्ही बाजूंनी मावत नव्हता एवढा आडवातिडवा गडी, आणि भीतीने पांढराफटक पडलेला. अंगाई सरांनी त्याच्या हाताला सुई लावली, छातीला तारा जोडल्या.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी झोपल्यावर तुम्ही काय करता?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. सासूबाईंनीसुद्धा नाही.

"बसतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथेच. तुमच्या उशाशी."

ड्रायव्हरने त्यावर विचार केला. "बरं काम आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या श्वासाला झोपला.

ऑपरेशन सुरू झालं. डोक्याची बाजू आणि पोटाची बाजू यांच्यामध्ये हिरवा पडदा उभा केलेला असतो. पडद्याच्या अलीकडे भूलतज्ज्ञ, पलीकडे सर्जन. मोठे सर रंगात आले आणि पोटात हवा भरतानाच सिस्टरला म्हणाले, "पलीकडच्या टेबलावर हर्नियाचा पेशंट घ्या. आणि कोणीतरी भूलवाला बोलवा लगेच."

हर्नियाचा पेशंट चालत-बोलत होता, त्याला आठवडाभरही घाई नव्हती. सिस्टरने फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि यादीतल्या पहिल्याला लावला.

"मी मोकळा आहे," पलीकडून आवाज आला, "पण ती केस तिची आहे. तिला फोन लावा."

दुसऱ्याला लावला. तो बहुधा बागेत पाणी घालत होता, मागे नळाचा आवाज येत होता. "मोकळा आहे मी," तो म्हणाला. "पण ती केस तिची आहे ना. तिला लावा." तिसरीने ते वाक्य शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं एका दमात म्हणून टाकलं आणि फोन ठेवून दिला. मग हरकतवाल्यांचा नंबर लागला. अंगाई सरांनी डोळे मिटून घेतले, कारण या माणसाने आजवर कोणाच्या सुरात सूर मिसळला नव्हता.

"माझी हरकत आहे," हरकतवाले म्हणाले. "ती केस तिची असताना मला फोन का केला, याला हरकत आहे. मी मोकळा आहे. तिला लावा."

तेवढ्यात मॉनिटरची टिकटिक लांबल्यासारखी वाटली. पोटात हवा भरली, की कधीकधी नाडी अशी बसते. अंगाई सर त्याआधीच वळले होते. "जरा थांबा, सर," ते म्हणाले. मोठ्या सरांनी हात जागच्या जागी थांबवले. अंगाई सरांनी हवा कमी करायला सांगितली, इंजेक्शन दिलं, बोटं ड्रायव्हरच्या मनगटावर ठेवून उभे राहिले. टिकटिक पुन्हा आपल्या चालीवर आली. "हं, करा," ते म्हणाले, आणि मोठे सर कामाला लागले. हे इतकं रोजचं होतं, की दोघांपैकी कोणाच्याच ते लक्षात राहिलं नसतं.

सिस्टर यादीच्या शेवटी आली होती. यादीत शेवटी अध्यक्ष होते, निवृत्त होऊन जमाना झालेला, पण मोठे सर म्हणाले, त्यांनाही लाव.

"मी तर कधीचाच मोकळा आहे," अध्यक्ष म्हणाले. मागे कपबशांचा आवाज येत होता. "पण ती केस तिची. ती माझ्या समोरच बसली आहे, तुमच्या हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या दुकानात. देऊ का तिच्याकडे फोन?"

"ठेव तो फोन," मोठे सर म्हणाले. सिस्टरने ठेवला. मग पडद्यावरून मोठ्या सरांचे डोळे अंगाई सरांवर येऊन थांबले.

"तुमच्या संघटनेचे उद्योग दिसतायत हे. असू देत. तुम्ही जा आणि पलीकडचा घ्या. दहा मिनिटं सिस्टर बसेल इथे."

अंगाई सरांनी मॉनिटरकडे पाहिलं. पाठ धरायला अगदी तयार होती. मशीन, घरचा फोन, सगळे जुने सोबती रांगेत उभे होते. आरशातला सराव कुठल्या कुठे गेला. त्यांनी सवयीने खाली पाहिलं. ड्रायव्हरचं डोकं त्यांच्या दोन हातांच्या मध्ये होतं, डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, तोंडात नळी. एवढा मोठा गडी, पण आत्ता श्वाससुद्धा त्याचा स्वतःचा नव्हता.

आणि त्यांना एकदम जाणवलं, की मोठ्या सरांना आपण रोजच थांबवत आलो आहोत. 'जरा थांबा' म्हटलं आणि ते थांबले नाहीत, असं एकदाही झालं नव्हतं. पेशंटसाठी बोलताना जीभ कधी अडखळलीच नव्हती. ती अडखळायची ती स्वतःसाठी बोलताना.

"नाही सर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी इथून हलणार नाही."

मोठे सर कारणाची वाट बघत राहिले. आजवर कारण आपोआप येत असे.

"मशीन बिघडलंय का?" त्यांनीच विचारलं.

"मशीन उत्तम आहे."

"मग पाठ?"

"पाठही बरी आहे."

"मग झालंय काय?"

"पेशंट झोपलाय, सर," अंगाई सर म्हणाले.

सिस्टरने हातातल्या फोनकडे बघितलं, मग छताकडे. मोठे सर खाली वाकले आणि पुन्हा काम करू लागले. बराच वेळ ते फक्त अवजारांची नावं घेत होते. अंगाई सर आपल्या स्टुलावर बसले. बसतो, असं ड्रायव्हरला सांगितलंच होतं.

शेवटचा टाका पडला. मोठ्या सरांनी हातमोजे काढून टाकले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"लाव तिला फोन," ते सिस्टरला म्हणाले.

"कोणाला सर?"

"सगळं शहर सकाळपासून जिला लावा म्हणतंय तिला."

ड्रायव्हर शुद्धीवर आला तेव्हा पलीकडच्या थिएटरमधून धाकटीचा आवाज येत होता. लांब श्वास घ्या, मी आहे इथे, असं ती कोणाला तरी सांगत होती. तिच्याही आवाजाला हळूहळू मऊपणा येणार, हे अंगाई सरांना स्पष्ट ऐकू आलं, आणि त्यांना तिच्या होणाऱ्या मुलांची काळजी वाटली. ड्रायव्हरने डोळे किलकिले करून सिस्टरचे आभार मानले, मोठ्या सरांना निरोप सांगितला, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला नमस्कार केला. अंगाई सरांकडे बघून तो म्हणाला, "दवाखान्याची गाडी तुम्हीच चालवता का?" सर म्हणाले, "नाही." आज एकदा सुटलेला शब्द दुसऱ्यांदा आपोआप आला.

मोठे सर नंतर दोनेक महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. दुसऱ्या टेबलाचा विषय पुन्हा निघाला नाही. एके दिवशी ऑपरेशन चालू असताना त्यांनी पडद्यावरून विचारलं, "म्हणजे तुमची पाठ पहिल्यापासूनच बरी होती?" अंगाई सर म्हणाले, "नाही सर, एक मणका झिजलाय. तुमच्यामुळेच कळलं." पडद्यापलीकडून काहीतरी हसल्यासारखा आवाज आला. खोकलाही असेल.

पुढच्या बैठकीत संघटनेचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि अंगाई सरांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते बोलले, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पुढच्या रांगेतले दोघे पेंगू लागले, म्हणून त्यांनी आवरतं घेतलं. मग हरकतवाल्यांनी चहाच्या वेळेवर हरकत घेतली, चर्चा लांबली, पंखा फिरत होता. सरांची मान कलली.

ते पूर्ण झोपले नव्हते. कानावर येत होतं. कोणीतरी म्हणालं, "अहो, ते बघा, सचिव पुन्हा झोपले. हलवा त्यांना." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसलं आणि त्यांच्या हातातला कलंडत चाललेला कप हळूच काढून घेतला.

"झोपू द्या सरांना," धाकटीचा आवाज आला. "मी बसलेय इथे."

सरांना वाटलं, डोळे उघडावेत आणि काहीतरी बोलावं. पण त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि लांब श्वास घेतला.